आठशे बारा ग्रॅम

गोडादरा, सुरत
३ नोव्हेंबर २०२४

हेमराज दादा,

तुझं पाकीट १७ ऑक्टोबरला मिळालं. आत अकरा बिया होत्या, चिठ्ठी नव्हती. पाकिटावर दिंडोरीच्या रोपवाटिकेचा शिक्का आणि खाली तुझं नाव होतं. फोन नंबर दिला नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. आज भाऊबीज आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. रविवारी लॅबला सुट्टी असते, एवढंच.

पाकीट आधी आप्पांच्या हातात पडलं. साखरेमुळे त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. त्यांनी ते कानाशी नेऊन हलवलं आणि विचारलं, "काय शे?"

"टोमॅटोच्या बिया. मोठ्या जातीच्या."

"कोठल्या?"

"दिंडोरीहून आल्या आहेत."

पुढे त्यांनी काही विचारलं नाही. तू दिंडोरीला असतोस हे सुपडूमामाने तीन वर्षांपूर्वी जेवताना सांगितलं होतं. आप्पा तेव्हा ताटावरून उठून गच्चीवर गेले होते. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगारवाल्याकडून निळे ड्रम मागवले आणि मधोमध कापून घेतले. आधी त्यांत काय होतं हे मी भंगारवाल्याला दोनदा विचारलं. साबणाचं द्रावण होतं. तरी तीन दिवस पाणी भरून ठेवलं, मगच माती भरू दिली. तेवीस तारखेला बिया पेरल्या. सात उगवल्या. आप्पा रोज सकाळी प्रत्येक रोपाला बोट लावून बघतात. बोटांनाही आता नीट कळत नाही, पण लावतात.

माय बरी आहे. मी एका टेक्स्टाईल टेस्टिंग लॅबमध्ये आहे. सुताचे आणि कापडाचे नमुने ओव्हनमध्ये वाळवून त्यांतला ओलावा मोजणं हे मुख्य काम.

रोपांना काय घालायचं ते माहीत असेल तर कळव. बाकी काही कळवलं नाहीस तरी चालेल.

जागृती


२९ डिसेंबर २०२४

दादा,

तुझं उत्तर मिळालं. रोपवाटिकेच्या लेबलाच्या मागे तीन ओळी: "पहिली फुलं तोड. जोडफूल आलं तर ठेव. एका झाडाला एकच फळ." अक्षर तेच आहे. मी ते वाचून दाखवलं. कोणी लिहिलंय हे आप्पांनी विचारलं नाही, पण लेबल मागून घेतलं आणि चष्म्याच्या डबीत ठेवलं.

फुलं तोडायचं काम मी करते. शेजारच्या उषाबाई पापड वाळत घालायला गच्चीवर येतात. काल म्हणाल्या, "लगीन व्हयनं नही अजून आनि लेकुरवाळ्या झाडना फुलं तोडस. पाप लागी, बाई." मी म्हटलं, एका फळाला सगळं अन्न मिळावं म्हणून तोडते. त्या म्हणाल्या, "मग बाकीनास्नी काय करानं?"

पाच नंबरच्या रोपाला जोडफूल आलं आहे. दोन-तीन फुलं एकत्र चिकटून एकच झाल्यासारखं, बटणाएवढं जाड. मी आप्पांचं बोट धरून त्यावर ठेवलं. त्यांनी ते चारी बाजूंनी चाचपलं. मग म्हणाले, "किती मोठं व्हई?"

मी म्हटलं, नीट वाढलं तर किलोभर.

"किलोना वर गयं," आप्पा म्हणाले, "ते बी जेनं शे तेले बलाईसन दखाडनं पडी."

मी तेच शब्द लिहिते आहे, कमीजास्त काही केलेलं नाही. माय तिथेच कपडे वाळत घालत होती, तिने वळून आप्पांकडे बघितलं. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी सुताच्या गोडाऊनमध्ये शेठसमोर, सगळ्या माणसांसमोर, तुझ्या ताब्यातला माल पुन्हा तोलला आणि "अठ्ठेचाळीस किलो कमी" म्हणून सांगितलं, आणि तू चोर ठरलास. त्यानंतर आज पहिल्यांदा त्यांनी तुझ्याबद्दल वाक्य उच्चारलं. नाव घेतलं नाही; बी ज्याचं त्याला बोलवून दाखवायचं, एवढंच. माणूस तसाच आहे; नुसतं बोलवायचं म्हटलं तर ते बोलवणार नाहीत. त्यांना एक वजन लागतं, ज्याच्यावर बोट ठेवता येईल.

म्हणून आता हे फळ किलोच्या वर जायला हवं. मी हिशोब केला. घेर साधारण एक्केचाळीस सेंटिमीटर झाला की किलो भरेल.

आणखी एक. आप्पांच्या किडन्या खालावल्या आहेत. क्रिएटिनिन ४.३. डॉक्टर म्हणतात, डायलिसिससाठी हाताची छोटी शस्त्रक्रिया आत्ताच करून घ्या. आप्पा म्हणतात, टमाटा उतरू दे. टोमॅटो त्यांना खायची मनाई आहे, पोटॅशियम असतं. ते त्यांना माहीत आहे.

जागृती


२६ जानेवारी २०२५

दादा,

फळ ५ जानेवारीला धरलं. घेर: १२ तारखेला ९.५, १९ तारखेला १७, आज २३ सेंटिमीटर. शिलाईच्या टेपने मोजते, मध्यावर, सकाळी आठला.

उत्तरायणाचे दोन्ही दिवस आप्पा गच्चीवर खुर्ची टाकून पाच नंबरच्या ड्रमसमोर बसून होते, हातात मायचं लाटणं. पूर्ण सोसायटी गच्च्यांवर होती, वर पतंग, खाली स्पीकर. कोणाचा कापलेला पतंग आमच्याकडे पडला की लोक भिंतीवरून उड्या मारतात, तुला माहीत आहे. आप्पांना पतंग दिसत नव्हते. आवाज आला की ते त्या दिशेला लाटणं उगारायचे. भटूकाका पलीकडून ओरडले, "अरे भाऊ, टामेटाले झेड सुरक्षा दिधी का?" आप्पा म्हणाले, "तुना पतंग कटना, पहिले तो देख." मी त्यांना इतकं बोलताना बऱ्याच दिवसांनी ऐकलं. दोन दिवसांत मांजा झाडाला एकदाही लागला नाही.

पांढरी माशी आली होती, त्यावर कडुनिंबाचं तेल फवारलं. आता माशी कमी आहे. शेंड्याची पानं थोडी अरुंद झाली आहेत आणि खाली वळली आहेत. पंख्याच्या काड्यांसारख्या शिरा दिसतात. बहुधा थंडीमुळे असावं. यंदा रात्री चौदापर्यंत उतरतंय.

बाकी ठीक.

जागृती


१६ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझ्या लेबलावर या वेळी एकच शब्द होता: "तणनाशक?"

हो.

थंडीमुळे नाही हे मला २६ जानेवारीलाच माहीत होतं. तुला लिहिताना मी जे लिहिलं ते खोटं होतं. आता क्रमाने लिहिते.

माझ्याकडे फवारणीचा पंप नव्हता. सुपडूमामा बारडोलीकडे एकाच्या उसावर फवारणीला जातो, त्याचा पंप मी २१ जानेवारीला आणला. लॅबमध्ये काचेची भांडी तीनदा विसळली की स्वच्छ धरतात. मी पंप तीनदा विसळला. त्यात आधी काय होतं ते मामाला विचारलं नाही. ड्रमचं मी भंगारवाल्याला दोनदा विचारलं होतं. पंपाचं घरच्या माणसाला एकदाही नाही. बावीस तारखेला सातही झाडांवर फवारलं. चौथ्या दिवशी शेंडे पिळवटले. तेव्हा मामाला विचारलं. तो म्हणाला, "टू-फोर-डी मारेल व्हतं उसमा. धुयं ना तू?" मी धुतला होता. ते औषध रबरात आणि नळीत मुरून राहतं, नुसत्या पाण्याने जात नाही, हे मी नंतर वाचलं. टोमॅटोला त्याचा थेंबही सोसत नाही हेही नंतर वाचलं.

मी हे निष्काळजीपणाने केलं की तू येऊ नयेस असं मला कुठेतरी वाटत होतं म्हणून केलं, याचाही मी विचार केला. तू गेल्यावर या घरातलं सगळं मी केलं आहे. पण तपासून पाहिलं तर तसं नव्हतं. मी फक्त विचारलं नाही. मला विचारायची सवय नाही, सांगायचीही नाही.

घेर आज ३५.८. आठवड्याला सहा-सहा सेंटिमीटर वाढत होतं, मागच्या आठवड्यात १.१ वाढलं. नवीन पान एकही धड नाही. मी खालची जुनी पानं राखली आहेत, सावली केली आहे, पाणी बेतानं देते. याहून करण्यासारखं काही असेल तर कळव. मला वाटतं नसावं.

आप्पांना सांगितलेलं नाही. त्यांना पानं दिसत नाहीत. ते बोटाने फळ चाचपतात आणि म्हणतात, "वाढी ऱ्हायनं ना?" मी म्हणते, वाढतंय. हे खोटं नाही. ते वाढतंय.

क्रिएटिनिन ५.१.

जागृती


९ मार्च २०२५

दादा,

फळ आज सकाळी साडेआठला उतरवलं. पूर्ण लाल झालं होतं, घेर ३७.२. आणखी ठेवून वाढलं नसतं.

जिन्यावरून आप्पांनीच खाली आणलं, दोन्ही हातांत धरून. मी पुढे चालत होते, पायऱ्या मोजत. मायने स्टीलची थाळी धुऊन पुसून ठेवली होती. मी काटा टेबलावर ठेवला, थाळी ठेवली, शून्य केला. आप्पा काट्याजवळ खुर्ची ओढून बसले, गोडाऊनमध्ये तीस वर्षं बसायचे तसे, डावा खांदा काट्याकडे. फक्त आकडे त्यांना दिसत नव्हते.

मी फळ ठेवलं.

"सांग," आप्पा म्हणाले.

"आठशे बारा."

माय ओट्याजवळून म्हणाली, "माले ते किलोना वर दिखस."

"माय, दिसण्यावर नसतं," मी म्हटलं.

"आखो एकदाव देख," आप्पा म्हणाले. मी फळ उचललं, काटा शून्य केला, पुन्हा ठेवलं.

"आठशे बारा."

"काटा बराबर शे ना?"

"शुक्रवारीच लॅबच्या वजनांवर तपासलाय. एका ग्रॅमचाही फरक नाही."

मग आप्पांनी फळ तळहातावर घेतलं. तुला आठवत असेल, सूत गुंडाळलेला कोन नुसता हातावर घेऊन ते वजन सांगायचे आणि काट्यावर दहा ग्रॅमचाही फरक निघायचा नाही. लोक त्यावर चहाच्या पैजा लावायचे. मी विचारलं, "तुम्हाला किती वाटतंय?"

आप्पांनी हात दोनदा वर-खाली केला. म्हणाले, "मना हातले आते काही समजस नही. तू सांगशी ते."

मी म्हटलं, "आठशे बारा."

मायने गॅस बंद केला आणि ती गच्चीवर निघून गेली. आप्पा म्हणाले, "बरं." थोड्या वेळाने म्हणाले, "पुढला साल देखूत."

त्यांना काय हवं होतं ते मला दुपारी भांडी घासताना कळलं. मायला सकाळीच कळलं होतं. डोळ्यांना दिसत नसलेल्या, हाताला न कळणाऱ्या माणसाने मला तीनदा विचारलं होतं. मी एक किलो वीस म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. कोणाचंही काही बिघडलं नसतं. मला फक्त दोनशे आठ ग्रॅम खोटं बोलायचं होतं. फळ लहान राहिलं तेही माझ्यामुळेच, तेव्हा तेवढं तर माझ्याकडे निघत होतं.

पण ते माझ्या तोंडातून आलं नाही. मी ठरवून नाकारलं असतं तर निदान काहीतरी केलं असं म्हणता आलं असतं. मला सुचलंच नाही.

पुढल्या सालाबद्दल डॉक्टर काही बोलत नाहीत.

जागृती


१२ मार्च २०२५

दादा,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. नाशिकच्या एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे, ती दिंडोरीवरून जाते. रोपवाटिकेचा माणूस स्टँडवरून घेऊन जाईल असं तो म्हणाला.

आप्पा फळ कापू देत नाहीत. ते काट्याशेजारी, थाळीतच आहे. सोमवारी सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "वजन कर."

मी केलं. "आठशे सहा."

"काल बारा व्हतं ना?"

"हो."

"सहा ग्राम कोनी खादं?"

मला वाटलं चेष्टा करत आहेत. तोंडावर तसं दिसत नव्हतं. मी म्हटलं, "कोणी नाही. पाणी उडून जातं सालीतून."

काल पुन्हा केलं. आठशे एक. आप्पा दाढी करायला बसले. दाढी झाल्यावर, तोंडाला साबण तसाच असताना, मला हाक मारली. "टमाटामा पानी ऱ्हास. सूतमा काय ऱ्हास?"

"पॉलिस्टरमध्ये काही नसतं, आप्पा. असून नसल्यासारखं."

"आनि रेयॉनमा?"

तीस वर्षं त्यांनी पॉलिस्टर तोललं. ऑगस्टात आलं आणि एप्रिलमध्ये तोललं तरी तेवढंच भरतं. तुझ्या ताब्यातला तो सोळाशे किलोंचा माल रेयॉनचा होता. त्या गोडाऊनमध्ये आलेला पहिला आणि शेवटचा.

मी सांगितलं. रेयॉन पावसाळ्यात हवेतला ओलावा धरतं आणि उन्हाळ्यात सोडतं. माल भर पावसात आत आला होता, एप्रिलच्या कोरड्या उन्हात पुन्हा तोलला.

"किती सोडस?"

"तेवढ्या मालाला पन्नास किलोच्या आसपास."

आप्पांनी पंचाने तोंड पुसलं. साबण कानाजवळ राहिला होता. "तुले कधीपासून मालूम शे?"

हे तुलाही सांगायचं आहे, म्हणून त्यांना जे सांगितलं तेच लिहिते. मी तेव्हा टेक्स्टाईलच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. ओलाव्याचं प्रकरण दुसऱ्या वर्षात झालं होतं. शेठने तुला काढलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी वहीच्या मागच्या पानावर आकडा काढला. एक कोनही गेलेला नव्हता. चौथ्या दिवशी तू गेलास. मध्ये एक अख्खी रात्र आणि एक सकाळ होती, आणि तू त्याच खोलीत होतास. मी बोलले नाही, कारण आप्पा जेवताना म्हणाले होते, मना काटा खोटं बोलस नही. मला वाटलं, मी बोलले तर काटा चुकला म्हटल्यासारखं होईल. काटा चुकला नव्हता हेही मला कळत होतं. दोन्ही गोष्टी एका वाक्यात कशा सांगायच्या ते मला आलं नाही. मग तू निघून गेलास आणि मला कोणी विचारलं नाही.

आप्पा ऐकून घेत होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "काटा खोटं नही बोलना."

"नाही, आप्पा."

"मी बी नही बोलनू."

"नाही."

"पन पोऱ्या गया."

त्यानंतर ते उठून आत गेले. जेवले. गोळ्या घेतल्या. दुपारी मायने त्यांच्याशेजारी बसून त्यांच्या कानाजवळचा साबण ओल्या फडक्याने पुसला, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते.

आज सकाळी त्यांनी मला हाक मारली नाही. मी बाहेर आले तर ते स्वतःच थाळीसकट फळ उचलून काट्यावर ठेवत होते. थाळी काढायला विसरले होते, काटा शून्य केला नव्हता. आकडा दिसत नसताना ते त्याच्याकडे बघत होते. मी थाळी काढली, शून्य केलं, फळ ठेवलं आणि वाचून दाखवलं.

तुला बोलवा असं ते म्हणालेले नाहीत. किलोची अटही मागे घेतलेली नाही. त्यांच्या वतीने मी काही सांगू शकत नाही, हे तुला स्पष्ट लिहिते. मी माझ्या वतीने सांगते आहे. ये. दारात कोणी विचारलं तर मी बोलावलं म्हणून सांग. शस्त्रक्रिया पुढच्या गुरुवारी ठरली आहे. आप्पांनी हो म्हटलं, कारण टमाटा उतरला.

एसटी दिंडोरीहून सकाळी सुटते आणि दुपारी इथे पोहोचते. परवा धुळवड आहे, त्या दिवशी गाड्या कमी असतील, तेव्हा उद्याच निघालास तर बरं. देठाजवळ बोट लावलं तर आता मऊ लागतं. शनिवारपर्यंत टिकेल, रविवारचं सांगता येत नाही.

आजचं वजन ७९६.

जागृती